पिकअपची खांदशेकणी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या घरात तुपाची वाटी कोणाच्या हातात आहे, याच्यावर अजूनही माझं लक्ष असतं. सुना एकमेकींकडे बघून हसतात. त्यांना वाटतं, सासूबाईंना म्हातारपणी तुपाचा लोभ सुटला. वाटू दे. ज्या घरात मी वाढले त्या घरात वाटीभर तुपानं केवढा घोळ घातला, हे त्यांना ठाऊक नाही. आज लिहायला बसलेच आहे तर तेच लिहिते.

आमचं घर शेंदूरजनाघाटला, गावाबाहेर, आमच्या नर्सरीला लागून. संत्र्याची कलमं हा आमचा धंदा. जंबेरी म्हणजे रानटी लिंबाची रोपं वाढवायची, त्यांच्यावर संत्र्याचा डोळा म्हणजे कोंब बांधायचा, आणि पावसाळा लागला की पिशव्या भरून भरून कलमं शेतकऱ्यांच्या बांधावर पोचवायची. पावसाळ्यात आमच्या घराला ओल्या मातीचा, शेणाचा आणि चिरडलेल्या संत्र्याच्या पानाचा असा एकत्र वास यायचा. आईच्या लुगड्यालाही तोच वास, बाबांच्या उशीलाही तोच. दिवसभर डोळे बांधणाऱ्या बायांची बडबड चालायची, स्वयंपाकघरात अंबाडीच्या भाजीला लसणाची फोडणी बसायची, आणि ओसरीवर माझे आजोबा, म्हणजे आबाजी, खाकरून खाकरून आपण जागे आहोत हे जगाला कळवत बसायचे. मी त्यांची एकुलती एक नात. कॉलेजचं शेवटचं वर्ष संपवून घरी आले होते, आणि घरच्यांनी माझ्या लग्नाचा विषय काढला की मी पाना घेऊन गाडीखाली शिरायची.

गाडी म्हणजे आमची पिकअप. जुनीच घेतलेली, पण चारही चाकं ओढणारी. पावसाळ्यात इकडच्या काळ्या मातीत शिरायचं म्हणजे साध्या गाडीचं कामच नाही. चाक एकदा रुतलं की चार माणसं आणि आठ शिव्या लागतात. ही मात्र कलमांचा भार घेऊन शेताच्या पार मध्यापर्यंत गुरगुरत जायची. तिच्याआधी हे काम आमची बैलजोडी करायची. कोश्या आणि बांड्या. बांड्याला एका पावसाळ्यात पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि तो सकाळपर्यंतही टिकला नाही. एकटा बैल गाडीला जुंपता येत नाही, आणि कोश्याला दुसरा जोडीदार सोसेना. तो नव्या बैलाला शिंगानं ढुसण्या द्यायचा. शेवटी माझ्या मामानं त्याला आपल्या शेतावर नेलं. त्याच्या घरी गायी होत्या, सोबत होती. मग आली पिकअप.

आबाजी त्या दिवसापासून गाडीशी बोलत नव्हते. गाडीशी बोलत नव्हते असं मी मुद्दाम लिहिते, कारण बैलांशी ते दिवसभर बोलत. गाडीत बसणं तर दूरच. मामाचं शेत वरूडच्या अलीकडे, घाट उतरून गेलं की आलंच, पण पावसाळ्यात तिथपर्यंत चिखलच चिखल. बाबांनी कितीदा म्हटलं, "चला आबाजी, कोश्याले भेटवून आणतो." तर उत्तर ठरलेलं. "निर्जीवात बसून जित्या जनावराकडं जाऊ का मी? त्यो काय म्हनंन मले?"

आणि खरा प्रश्न पोळ्याचा होता. आमच्याकडे पोळ्याला पुरणपोळी पहिली बैलाच्या मुखात जाते, मग माणसांच्या. आबाजींचं म्हणणं साधं होतं: ज्यानं वर्षभर वाहिलं त्याच्या आधी आपण कसं खायचं? बैल नाहीत, तर पुरणपोळी नाही. दोन पोळे त्यांनी भाकर आणि ठेच्यावर काढले. ताट वाढलं की ते उठून विहिरीकडे जायचे. मग बाबांच्या घशाखाली घास उतरायचा नाही, आई पदरानं डोळे टिपत तव्यावरची पोळी करपवायची, आणि बाहेर गावभर घुंगरं वाजत असताना आमच्या घरात सुतक असल्यासारखं व्हायचं. ते दोन पोळे आठवले की आजही मला वाईट वाटतं. माझ्या आबाजींनी पोटभर पुरणपोळी खावी, एवढीच माझी त्या वर्षी इच्छा होती. लग्नबिग्न गेलं खड्ड्यात.

तर तिसरा पोळा जवळ आला आणि गाडीचे ब्रेक गेले. गेले म्हणजे एकदम नाही. आधी घाट उतरताना पाय दाबला की स्टेअरिंग हिवताप भरल्यासारखं थडथडायचं. मग पुढच्या चाकांतून करकर यायला लागली. बाबांनी चाक काढून पाहिलं तर डिस्कवर नांगराच्या तासासारख्या रेघा. डिस्क म्हणजे चाकाच्या आतली लोखंडी थाळी; ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. आमचे पॅड घासून संपले होते आणि लोखंडच लोखंडाला खात होतं. "दोन्ही बाजूच्या बदला लागते," बाबा म्हणाले. "एक नवी अन् एक जुनी लावली तं गाडी एकाच अंगाले वढंन." मी लगेच पायात चप्पल सरकवली, कारण डिस्क आणायच्या म्हणजे अकोल्याला जायचं, आणि अकोल्याला जायचं म्हणजे आत्याच्या हातचं जेवायचं.

आत्या जुन्या शहरात राहायची, मोर्णा नदीच्या पलीकडे, दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागं जावं लागेल अशा गल्लीत. तिनं आम्हाला बघताच पाट मांडले. पाटोडीचा रस्सा इतका तिखट की बाबांच्या टकलावर घाम फुटला, आणि आत्या म्हणाली, "दादा, अमरावतीकडचं पानी पिऊन नाजूक झाला तू." जेवण झाल्यावर आम्ही सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानातले चाचा जुनी डिस्क हातात घेऊन तिच्या कडेवरून अंगठा फिरवत म्हणाले, "इसको तो आपने आखरी साँस तक चलाया, भाऊ." नव्या डिस्क त्यांनी तेलकट कागदातून काढून दाखवल्या आणि बजावलं, हे गंज लागू नये म्हणून लावलेलं तेल आहे, बसवण्याआधी पेट्रोलनं पार धुऊन काढा, बोटाचा डागसुद्धा राहू देऊ नका. परत येताना एसटीत त्या डिस्क पोत्यात गुंडाळून माझ्या मांडीवर. शेजारची बाई बराच वेळ पोत्याकडे बघत होती. शेवटी तिनं विचारलंच, "तवे हायेत का वं?" बाबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "हाव. मोठ्या घरचे हायेत."

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळीच आम्ही कामाला लागलो. मागची चाकं घरंगळू नयेत म्हणून त्यांना दगडाची उटी, पुढचा भाग जॅकवर उचलून खाली बाभळीचे ओंडके. चारचाकी ओढीच्या गाडीत पुढची डिस्क अशी सहज सुटत नाही. ती हबच्या मागे बसलेली असते, म्हणून आधी ब्रेकचा चिमटा सोडवून तारेनं बाजूला टांगायचा, मग टोपण, नट, बेअरिंग असं एकेक उतरवत अख्खा हबच ओढून काढायचा. जुने बोल्ट गंजून एकजीव झालेले. त्यांना आम्ही डिझेल पाजलं, ठोकलं, आंजारलं-गोंजारलं. शेवटचा बोल्ट सुटला तेव्हा बाबा मागच्या मागं पडले आणि डोळे बांधणाऱ्या बाया खो खो हसल्या. बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचं काम माझं. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची कड त्यात दाबत राहायची, पलीकडून ग्रीस डोकावेपर्यंत. मला ते काम फार आवडायचं. एकीकडे हात ग्रीसनं बरबटलेले आणि दुसरीकडे डिस्कला ग्रीसचा कणही लागू द्यायचा नाही, म्हणून बाबा सारखे घोकायचे, "बेअरिंगले जेवन, डिस्कले उपास." दुपार कलेपर्यंत दोन्ही नव्या डिस्क धुऊन पुसून बसल्या, पॅड बसले, नट असा आवळला की चाक फिरलं पाहिजे पण डुललं नाही पाहिजे. राहिलं फक्त चाकं चढवणं. पण एका टायरला चीर दिसली, म्हणून बाबा आणि मी ते टायर घेऊन गावात पंक्चरवाल्याकडे गेलो. गाडी ओंडक्यांवर तशीच उघडी ठेवून.

गावात त्या संध्याकाळी सगळीकडे खांदशेकणी चालली होती. बैलांच्या खांद्यावर वर्षभर जूं घासतं, म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी कोमट तुपात हळद कालवून पळसाच्या पानानं त्यांचे खांदे चोळतात आणि कानाशी जाऊन आवतन देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पंक्चरवाल्याच्या दारातही त्याचा बैल डोळे मिटून उभा होता आणि त्याची बायको खांदा चोळत होती. बाबा तिकडे पाठ करून उभे राहिले.

परत आलो तेव्हा दिवे लागले होते. अंगणातल्या एका पिवळ्या बल्बच्या उजेडात आम्ही घाईघाईनं चाकं चढवली. त्या बल्बखाली आईसुद्धा कावीळ झाल्यासारखी दिसायची, तर डिस्कचं काय? उलट बाबा कौतुकानं म्हणाले, "पाह्य कशी चमकून राहिली. नव्याची गोठच वेगळी." ओसरीवर आबाजी नेहमीसारखे बसलेले. त्या दिवशी मात्र ते खाकरत नव्हते.

पोळ्याच्या सकाळी आई पुरण शिजवत होती आणि बाबा म्हणाले, जरा ब्रेक पाहून घेऊ. मी चालवायला बसले, ते शेजारी. नर्सरीतून नाल्याकडे एक उतार जातो. सपाटीवर हळूहळू होते तोवर मला वाटलं, नवे ब्रेक आहेत, जरा सैल लागत असतील. उतारावर पाय दाबला. पाय घट्ट, गाडी मात्र मजेत चालली. मी आणखी दाबला. गाडी आणखी मजेत. "दाब वं!" बाबा ओरडले. "दाबूनच राहिली!" मी ओरडले. मी गिअर खाली पाडला, बाबांनी हातब्रेक ओढला, आणि समोर नाला दिसताच मी स्टेअरिंग फिरवून गाडी आमच्याच जंबेरीच्या वाफ्यात घातली. ओल्या मातीनं तिला पोटाशी धरलं. आणि मग त्या शांततेत एक वास आला. मी बाबांकडे बघितलं, बाबांनी माझ्याकडे. पुढच्या चाकांतून पातळ धूर निघत होता आणि सगळ्या वाफ्यात तव्यावरच्या पुरणपोळीचा वास दरवळत होता.

बाबा उतरले, चाकाच्या फटीतून डिस्कवर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. "तूप," ते म्हणाले. मग दिवसाच्या उजेडात बोटाकडे नीट पाहिलं. "अन् हळद."

बाबांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल होत गेला. "आपून मेलो असतो, कुंदे! नाल्यात गेलो असतो! या मानसाले..." आणि ते घराकडे चालायला लागले. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. मला रडू येत होतं, आणि ते आनंदाचं. मी म्हटलं, "बाबा, आबाजींनं खांदशेकनी केली. गाडीची! तुमी समजून नाई राहिले का? दोन वर्षं ज्यायनं तिले हात नाई लावला, त्यायनं काल तिले तूप चोळलं. आता रागावसान तं ते जनमभर तिच्याकडं पाहनार नाईत, अन् आजबी विहिरीकडंच जातीन." बाबा थांबले. बराच वेळ बोटाला लागलेलं तूप दुसऱ्या बोटानं चोळत राहिले.

घरी जाऊन पेट्रोल आणि पॉलिश पेपर आणताना मी आईला विचारलं. ती पुरण वाटता वाटता म्हणाली, "काल मागतलं त्यायनं वाटीभर. मले वाटलं देवाले पायजे आसंन. इचारलं तं म्हने, पावना हाये." आम्ही तिथंच वाफ्यात गाडी दगडांवर उचलली, चाकं उतरवली आणि डिस्क धुवायला बसलो. पॅडनीही तूप प्यायलं होतं. ते घासून घासून पुन्हा कोरडे केले. धुतलेली चिंधी पिवळी धमक निघत होती. तेवढ्यात काठी टेकत टेकत आबाजी उतारावरून आले. वाफ्यात रुतलेली गाडी, मोडलेली रोपं, आमचे हात, सगळं त्यांनी बघून घेतलं.

"सनाच्या दिवशी जुपली तिले," ते म्हणाले. "ऐकन कशी? पोळ्याले कोनी जनावर जुपते का?"

मी चिंधी पुढे केली. आबाजींनी ती हातात घेतली, हुंगली, आणि त्यांचा चेहरा पडला. म्हाताऱ्या माणसाचा चेहरा असा पडताना बघवत नाही. "माह्यानं झालं का हे?" ते हळूच म्हणाले. "फिरते ते गोल गोल, मानेसारखं. मले वाटलं, याच्यावरच वझं पडत आसंन. चांगलं फिरवू फिरवू चोळलं."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. "आबाजी, तो खांदा नव्हे. तो खूर हाये तिचा. उतारावर त्याच्यानंच पाय रोवते ते."

आबाजींनी डिस्ककडे पाहिलं. मग उताराकडे, चाकांच्या घसरत आलेल्या वळांकडे. आणि एकाएकी ते हसायला लागले. इतके हसले की काठी सुटली. "खुराले तूप लावलं म्या! अरे बाप्पा! घसरंन नाई तं का करन बिचारी!" त्यांचं हसू बघून बाबाही मटकन मातीत बसले आणि हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग आबाजींनी डोळे पुसले आणि गंभीरपणे विचारलं, "मंग खांदा कोठी हाये इचा?"

बाबांनी त्यांचा हात धरून मागच्या चाकाजवळ नेलं आणि पाटे दाखवले, ते एकावर एक रचलेले लोखंडी पट्टे, ज्यांच्यावर सगळा भार पडतो. आबाजींनी वाकून त्यांच्यावर तळहात ठेवला. ओझ्यानं खाली दबून चकचकीत झालेली जागा त्यांच्या बोटांना सापडली. कोश्याच्या खांद्यावर जुवानं पडलेला घट्टा ते असाच चाचपायचे. "हाव," ते म्हणाले. "इथी वाह्यते." आणि मला म्हणाले, "जाय, मायकडून तूप आन. इथी लावलं तं चालते ना?" बाबा म्हणाले, इथे लावलं तर चालतं. आजही चालतं. ती गाडी केव्हाच गेली, तिच्यानंतर आणखी आल्या, पण आमच्या घरात पोळ्याच्या आदल्या दिवशी पाट्यांना तूप-हळद लागते, आणि वाटी पुढच्या चाकांकडे वळली की मी ओरडते.

चाकं चढवून गाडी वाफ्यातून अंगणात आणली, आणि दुपारी ताटं वाढली. आम्ही तिघंही आबाजींच्या विहिरीच्या वाटेकडे बघत बसलो. ते आले, उभे राहिले, ताटाकडे पाहिलं आणि आईला म्हणाले, "डब्यात बांध." मग माझ्याकडे वळून, जसं काही रोजच जातो आहोत अशा आवाजात म्हणाले, "आवतन मी काल इले देलं. पन तोंड नाई तिले. तिच्यावतीनं कोश्याले चारून येऊ. हे जुपनं नव्हे, जेवाले नेनं हाये. चाल."

ते कसे चढले ते मी लिहीत नाही. काठी, धोतर, बाबांचा खांदा, सगळं कामाला लागलं. पण चढले. डबा मांडीवर घेऊन माझ्या शेजारी ताठ बसले. रस्त्यात ठिकठिकाणी सजवलेले बैल पोळा भरतो त्या तोरणाकडे चालले होते, त्यांना वाट देत आम्ही घाटाच्या उतारावर आलो. पहिल्या वळणावर मी ब्रेकवर पाय ठेवला. आबाजींनी नकळत आपला पायही खाली दाबला. गाडी सावकाश, न थडथडता, जागच्या जागी थांबली. स्टेअरिंगवर ठेवलेल्या माझ्या बोटांना साधी झिणझिणीसुद्धा नाही. आबाजींनी समोरच्या पत्र्यावर दोनदा थोपटलं.

"ऐकते वं हे," ते म्हणाले.

कोश्या मामाच्या गोठ्याबाहेर झूल घालून उभा होता. आबाजींचं खाकरणं ऐकताच त्यानं मान वळवली. आबाजी चिखलातून पाय ओढत गेले, त्याच्या कानाशी काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. पहिली पोळी कोश्यानं खाल्ली, दुसरी अर्धी खाली सांडली. मग आबाजींनी डब्यातून तिसरी काढली, दुमडली आणि तिथंच उभ्या उभ्या खाल्ली. तूप त्यांच्या मनगटावरून ओघळत होतं. मी दुसरीकडे बघत राहिले, कारण माझ्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. त्यांनी एक पोळी माझ्या हातात कोंबली. "खाय. डायवरानं उपाशी राहू नाई."

मी खाल्ली. इतकी गोड पोळी मी नंतर कधी खाल्ली नाही. मग गाडीत बसून चावी फिरवायला हात पुढे केला, तर आबाजींनी माझं मनगट धरलं आणि आपल्या धोतराचा सोगा पुढे केला.

"हात पुस वं पयले," ते म्हणाले. "तुपाचे हायेत."